ती झोप नव्हती

‘निरगुडकरकाका कॅमेऱ्यासमोर चक्क झोपी गेले. दिग्दर्शकाला वाटले, वा, काय मरण वठवले आहे. आणि काका जगभर पोचले. असा भाग्यवान झोपाळू पुन्हा होणे नाही.’

माधव निरगुडकर गेल्यानंतर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत हा मजकूर काळ्या चौकटीत छापून आला. लिहिणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही, हे मी आधीच मान्य करतो, म्हणजे पुढे त्यासाठी थांबावे लागणार नाही. त्या मजकुरात आडनाव तेवढे बरोबर आहे. तरीही मी गप्प राहिलो असतो; वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी माणसाने प्रत्येक चुकीच्या वाक्याच्या मागे लागू नये. परंतु पुढच्या महिन्यात मंडळाच्या संमेलनात माधवरावांचे ते दृश्य पडद्यावर दाखवले जाणार आहे, आणि त्याआधी हाच किस्सा सांगायचे काम त्यांच्या नातीकडे, रियाकडे दिले आहे. रिया इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळे समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. परवा मी तिला म्हटले, ‘‘अगं, आजोबा झोपले नव्हते.’’ तर म्हणाली, ‘‘नाना, एव्हरीवन नोज ही वॉज अस्लीप. इट्स अ स्वीट स्टोरी.’’ गोष्ट गोड आहे, यात वाद नाही. पण एका असामान्य नटाचे सर्वांत मोठे काम त्याच्याच नातीच्या तोंडून, टाळ्यांच्या गजरात, डुलकी म्हणून नोंदले जाणार असेल, तर ते मुकाट्याने पाहणे मला जमणार नाही. माझा उभा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला. काय आपोआप घडले आणि काय कोणी घडवले, एवढाच प्रश्न मी चौतीस वर्षे विचारीत आलो. तोच इथे विचारतो आहे.

माधवराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी कचऱ्याचा लाल झाकणाचा डबा ओढत फाटकाबाहेर नेत होतो. आम्ही दोघेही ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी या उपनगरात राहणारे. मी मुलाकडे, ते मुलीकडे, मध्ये चार गल्ल्या. मनीषाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. ‘‘नाना, बाबा गेले. सकाळी चहा ठेवला तोवर होते.’’ एवढेच बोलली. मी डबा रस्त्यातच सोडला आणि गेलो... खोलीत शिरलो तेव्हा ते खुर्चीत नव्हते, पलंगावर होते, आणि मला उगाचच वाटले की हे काम त्यांनी नीट केलेले नाही. माधवरावांचे मरण मी याआधी अनेकदा पाहिले होते. ते इतके साधे, इतके तयारीवाचून कधीच नसे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागोच्या आतल्या भागात, पिवळ्या गवताची आणि उघड्या खडकांची पठारे आहेत. तिथे परदेशी कंपन्या येऊन लाकडी गावे उभारतात, त्या गावांना अमेरिकेतली गावे म्हणतात, आणि घोडे, बंदुका, रुंद कडांच्या टोप्या यांचे ते वेस्टर्न म्हणवणारे चित्रपट आणि मालिका तिथे तयार होतात. अशा गावाला न्हावी लागतो, तारमास्तर लागतो, थडगी खणणारा लागतो. नायक येतो आणि जातो. गाव ही माणसे चालवतात. मिरजेहून आलेल्या माधवरावांनी आयुष्याची अखेरची अकरा वर्षे हे गाव चालवले.

मिरजेत ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते आणि हौशी रंगभूमीवर कायमचे म्हातारे. पंचविशीतच त्यांना पहिला म्हातारा मिळाला आणि तो इतका पटला की पुढे कोणी त्यांना तरुण होऊच दिले नाही. दिवाणजी, वैद्य, मुलीचा बाप, मुलाचा मामा. ‘‘नानासाहेब,’’ ते मला म्हणत, ‘‘मी म्हातारपणाची तालीम चाळीस वर्षं केली. आता प्रयोग लागलाय.’’ पत्नी शालिनीवहिनी वारल्यावर ते मुलीकडे आले. आमची ओळख इथल्या मॉलमधल्या बाकावर झाली. मी मराठी वर्तमानपत्राच्या छापील पानात तोंड खुपसून बसलो होतो. शेजारी येऊन म्हणाले, ‘‘वाचून झालं की द्या. घाई नाही, बातमी तीन आठवड्यांची आहे.’’ मी म्हटले, ‘‘तुम्हाला माझ्या वाचनाचा वेग इतका कमी वाटतो का?’’ तेव्हापासून भांडण आणि मैत्री दोन्ही चालू झाली.

आता पहिला आक्षेप निकालात काढतो. ‘काका एक्स्ट्रा होते’ असे सहज म्हटले जाते. एक्स्ट्रा म्हणजे गर्दीतला माणूस. त्याला उभे राहा म्हटले की तो उभा राहतो. माधवराव पहिल्या दिवशी एक्स्ट्रा होते, हे खरे. पांढऱ्या मिशा, रापलेला वर्ण; अशा माणसाला त्या गावात कुठूनही आलेला परका म्हणून खपवता येई. त्यांना न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसवले. त्यांनी सहायक दिग्दर्शक बाईंना विचारले, ‘‘माझी दाढी व्हायची आहे की झाली आहे?’’ बाई हसल्या, म्हणाल्या, कॅमेरा रस्त्यावर आहे, तुमची दाढी कोण बघणार. माधवरावांनी ठरवले की दाढी झाली आहे, पण पैसे देऊन उठावे असे या माणसाला घरी काही राहिलेले नाही. तो भाग मी नंतर माझ्या मुलाच्या दिवाणखान्यात पाहिला. रस्त्यावर दोन माणसे बंदुका रोखून उभी आहेत, आणि मागे कोपऱ्यात एक म्हातारा आपल्या ताज्या गालावरून पालथा हात फिरवतो, रस्त्याकडे पाहतो, आणि पुन्हा बसतो. बंदूकवाले काय बोलले ते मला आठवत नाही. माझी सून मराठी नाटकांच्या वाटेला न जाणारी. ती म्हणाली, ‘‘बाबा, तो मागे बसलेला माणूस कोण आहे? त्याचं कोणी नाहीये का?’’ पुढच्या वेळी त्याच सहायक दिग्दर्शक बाईंनी माधवरावांना नाव घेऊन बोलावले, आणि त्यांच्या वाट्याला वाक्ये येऊ लागली.

दुसरी गोष्ट घोड्याची. तीही मंडळात सांगितली जाते, आणि ती खरी आहे. माधवरावांना घोड्याची भीती वाटे. इथल्या कोणाला सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी मनीषाच्या स्वयंपाकघरातून गुळाचा खडा खिशात नेला आणि नायकाच्या घोड्याला गुपचूप चारला. मिरजेकडे टांग्याच्या घोड्याला कोणी गूळ दिला तर तो खातो आणि विसरतो. हा घोडा विसरला नाही. चित्रीकरण सुरू झाले, नायकाने लगाम ओढला, आणि घोडा वळून सरळ माधवरावांपाशी येऊन त्यांच्या खिशाला नाक लावून उभा राहिला. पुन्हा केले, पुन्हा तेच. घोड्यांची देखभाल करणारा मनुष्य संतापला, नायक संतापला. फक्त दिग्दर्शक विचारात पडला. त्याने लेखकाला बोलावले आणि घोड्यांना माणसांपेक्षा अधिक कळणारा तबेलेवाला अशी भूमिका त्या मालिकेत नव्याने लिहून घेतली. तीन हंगाम ती चालली. हा अपघात होता. मी अपघाताला अपघातच म्हणतो, कोणी मित्र असला म्हणून कर्तृत्व म्हणत नाही. परंतु एवढे विचारतो: भूमिका गुळाने मिळाली हे खरे, पण तीन हंगाम ती गुळाने चालली का? ज्या माणसाचे पाय घोड्याजवळ लटपटत, त्याने घोड्याच्या मानेवर असा हात ठेवून दाखवला की आमच्या शेजारी राहणारे वृद्ध टेरी, ज्यांचे आयुष्य घोडे पाळण्यात गेले, मला कुंपणावरून म्हणाले, ‘‘युअर मेट ग्रू अप विथ हॉर्सेस, एह?’’ तुमचा दोस्त घोड्यांतच वाढला ना? मी ‘हो’ म्हणालो. नटाचे गुपित शेजाऱ्याला सांगायचे नसते.

त्यांचा थडगी खणणारा मला सर्वांत प्रिय. त्यात गोळी लागून मेलेल्या माणसाचे माप घ्यायचे होते आणि त्यासाठी दोरी दिली होती. माधवरावांनी दोरी खिशात ठेवली आणि मृताशेजारी बसून वीत टाकीत माप घेतले. खांद्यापाशी आल्यावर वीत टाकता टाकता त्याच हाताने त्याची कॉलर सरळ केली आणि पुढे मोजू लागले. ते पाहताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. चाळीस वर्षांच्या सहवासाने जे एखाद्या माणसाविषयी कळत नाही ते त्या एका हालचालीत, एका अनोळखी खणकऱ्याविषयी, मला कळले... हे कुठून येते? मी त्यांना विचारले. म्हणाले, ‘‘कुठून येणार? आपल्याकडे होतं ते काढून दिलं.’’ मी म्हटले, ‘‘हे उत्तर नाही, ही पळवाट आहे.’’ म्हणाले, ‘‘मग पळू द्या की.’’

आता ते दृश्य. चित्रपट बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. लाकडी घराची पडवी. म्हातारा बाप खुर्चीत बसला आहे, गुडघ्यावर टोपी, टोपीवर उजवा हात. नायक त्याला सांगायला आला आहे की त्याचा मुलगा मारला गेला. सांगवत नाही. म्हणून तो विहिरीचे बोलतो, गवताचे बोलतो, आणि अखेर खोटे बोलतो: ‘‘ही विल बी होम बिफोर विंटर.’’ हिवाळ्याआधी तो घरी येईल. ‘विंटर’ या शब्दावर म्हाताऱ्याची करंगळी सुटते, मग एकेक बोट, मग टोपी घसरून फळ्यांवर पडते. मान ताठ. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, रोख नायकाकडेच. नायक पुढे बोलत राहतो, आणि त्याला कळण्याआधी आपल्याला कळते. माधवरावांना या दृश्यात एकही वाक्य नाही. परदेशातल्या समीक्षकांनी नायकाला सोडून या हाताविषयी लिहिले. मी ते दृश्य किती वेळा पाहिले ते मोजलेले नाही.

झोपेच्या बाजूने जे पुरावे दिले जातात ते मला ठाऊक आहेत. त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागे. मॉलच्या बाकावर ते तासन्‌तास डोळे मिटून बसत. बरोबर. पण चित्रीकरणाआधीच्या त्या दिवसांत ते डोळे मिटून बसत नव्हते. ते बाकावर पेंगणाऱ्या इतर म्हाताऱ्यांकडे पाहत बसत. मला कोपराने ढोसून म्हणत, ‘‘बघा, मान आधी जाते. झोपणाऱ्याची मान आधी जाते, हात शेवटपर्यंत पिशवी सोडत नाही.’’ मी म्हटले, ‘‘आणि मरणाऱ्याचं?’’ त्यांनी नजर पुन्हा समोरच्या बाकाकडे वळवली. मला वाटले, पळवाट.

सर्वांत अवघड पुरावा मीच मांडतो, कारण तो लपवला तर माझा दावा टिकणार नाही. झोपेची गोष्ट सुरू कोणी केली? खुद्द माधवरावांनी. त्या चित्रीकरणाला मीही सोबत गेलो होतो; ओटागोहून परतलो त्या रात्री उशिरा मनीषाच्या घरी जेवताना मी शेजारी होतो. जावई शेखर म्हणाला, ‘‘काय बाबा, मेलात का नीट?’’ आणि हे म्हणाले, ‘‘अरे कसलं मरतोय. ऊन छान होतं, मला झोपच लागली. त्यांना तेच आवडलं.’’ सगळे हसले. मनीषा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मला आमटी वाढायला लावली. चित्रपट गाजला तेव्हा त्यांनी तीच गोष्ट प्रत्येकाला सांगितली, दर वेळी थोडी अधिक रंगवून. साक्षीदार स्वतःच उलटला म्हटल्यावर इतरांनी विश्वास ठेवला यात त्यांचा दोष तो काय?

पण साक्षीदार खोटे का बोलतो, हे विचारल्याशिवाय तपास पुरा होत नसतो. त्याचे कारण मला त्याच दिवशी, ख्राइस्टचर्चला परततानाच्या गाडीत कळले होते. पुढे चालक, मागे आम्ही दोघे. तासभर ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, ‘‘नानासाहेब, दुपारी तुम्ही विचारलं होतंत, हात असा कसा सुटला. शालिनीचा असाच सुटला.’’ मिरजेच्या दवाखान्यात, शेवटच्या सकाळी, वहिनी एकच विचारीत होत्या, मनीषा कधी येते. मनीषाला तिकीट मिळालेले नव्हते. माधवरावांनी त्यांचा हात हातात धरून सांगितले, ‘‘परवा येतेय. निघाली आहे.’’ ‘‘परवा म्हणालो,’’ ते मला म्हणाले, ‘‘आणि करंगळी सुटली. मान तशीच, माझ्याकडे बघत. मी पुढे बोलतच होतो हो... विमान कुठं बदलतं, ते सांगत होतो.’’

ज्याने तो संवाद लिहिला त्या परदेशी लेखकाला मिरज हे नावही माहीत नसेल. त्याने कागदावर एक खोटे वाक्य लिहिले. ते वाचल्यावर माधवरावांना आपल्या घरातला सर्वांत अवघड क्षण त्यात मावतो हे दिसले, आणि तो त्यांनी कोणाला न सांगता तिथे ठेवला. अभिनय या गोष्टीकडे मी तोवर कौतुकाने पाहत होतो. त्या गाडीत मला त्याची भीती वाटली. आणि मनीषाला ते का सांगणार नाहीत, हेही मला तिथेच समजले. ‘हा अभिनय आहे’ म्हटले असते तर मुलीने विचारले असते, बाबा, हे कुठून आणलेत? झोप लागली म्हटल्यावर कोणी काही विचारीत नाही. आपले सर्वांत थोर काम त्यांनी हसण्यावारी घालवले, मुलीला आपण उशिरा पोचलो हे पडद्यावर पुन्हा पाहावे लागू नये म्हणून.

म्हणून हा लेख पाठवण्याआधी मी मनीषाकडे गेलो. रियाने ती गोष्ट संमेलनात सांगण्याआधी तिच्या आईला खरे कळले पाहिजे असे माझे मत होते; ते चुकीचे असेल, पण दुसऱ्या कोणाला ते सांगता येण्याजोगे नव्हते. स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून मी तिला सारे वाचून दाखवले. मग ती उठली, लॅपटॉप घेऊन आली, आणि बापाचे ते दृश्य तिने लावले. एकदा पाहिले. पुन्हा मागे नेऊन पाहिले.

‘‘नाना, हे दोन बाजूंनी दिसतं,’’ ती म्हणाली. ‘‘आधी समोरून, बोटं सुटताना. मग लगेच बाबांच्या पाठीमागून, टोपी पडताना. दोन्हीकडे तो विंटर म्हणतो आणि दोन्हीकडे हात सुटतो.’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग दोन कॅमेरे असतील. एकदाच घडलं असेल, दोघांनी टिपलं असेल. तुम्ही म्हणता तसं सगळं असेलही, पण झोपसुद्धा लागली असेल ना हो? ऊन होतं. थकले होते ते.’’

हा तिचा आक्षेप होता, आणि सगळ्या आक्षेपांत तोच एक विचार करण्याजोगा होता. ती वकिलासारखी विचारीत नव्हती. आईचा हात कसा सुटला ते आपण पडद्यावर पाहत आहोत की नाही, हे तिला नक्की हवे होते, आणि कोणते उत्तर यावे अशी तिची इच्छा होती ते मला तिच्या चेहऱ्यावरून सांगता आले नाही. मी त्या दिवशी तिथे, पडवीपासून हाकेच्या अंतरावर, घडीच्या खुर्चीत बसलो होतो. म्हणून जे पाहिले तेच सांगितले. समोरून चित्रण झाले तेव्हा सकाळ होती. मग जेवणाची सुट्टी झाली. मनीषानेच बांधून दिलेली थालीपिठे आम्ही उघडली, आणि जन्मभर डावा हात ताटाला न लावलेला तो माणूस डाव्या हाताने घास मोडू लागला. उजवा मांडीवर तसाच, पालथा. मी विचारले, दुखतो आहे का? म्हणाले, ‘‘नाही, त्याचं अजून काम आहे.’’ ऊन कलल्यावर त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवले, गुडघ्यावर टोपी ठेवली, आणि सकाळी समोर होता तोच कॅमेरा माणसांनी उचलून त्यांच्या पाठीमागे नेला. ‘‘मनीषा,’’ मी म्हटले, ‘‘कॅमेरा एकच होता.’’